टाकीतला घुमारा

स्टुडिओत त्याला सगळे कानसेन म्हणायचे. तार किंचित उतरली तरी वादकाच्या आधी त्याला कळायचं. बावीस वर्षं तो काचेमागे बसून दुसऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करत होता.

गाण्यांना मोठ्या दालनासारखा घुमारा हवा होता, पण त्याचं यंत्र आणायला मालक तयार नव्हते. इमारतीखाली पाण्याची जुनी टाकी कोरडी पडली होती. कानसेन बायकोला घेऊन टाकीत उतरला. आठ रविवार दोघांनी भिंती घासल्या, गुळगुळीत गिलावा केला. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. वर गायलेला आवाज टाकीत सोडायचा आणि घुमून आला की गाण्यात मिसळायचा. घुमारा जास्त झाला तर कप्पीवरून जाड घोंगड्या खाली सोडायच्या. किती, ते त्याच्या कानालाच ठाऊक.

गाणी गाजली. मग मासिकात मालकांची मुलाखत आली. ‘टाकीची कल्पना मला आंघोळ करताना सुचली,’ असं त्यात छापलं होतं. कानसेनचं नाव औषधालाही नव्हतं.

बायकोनं मासिक आपटलं. “माझे हात सोलून निघाले, तेही यांच्या आंघोळीत?”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्याच आठवड्यात रेडिओवाले टाकी पाहायला आले. ती गाजलेली गाणी गाणारी गायिकाही होती. मालक ऐटीत यंत्रापुढे बसले. कानसेन भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला. मालकांनी बटणं फिरवली, तसा गायिकेचा आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येऊ लागला.

“कानसेन, जरा बघा ना,” मालक कुजबुजले.

“टाकी तुमची. परत एकदा आंघोळ करून या, सुचेल काहीतरी.”

मालकांचा चेहरा काळाठिक्कर पडला. “उद्यापासून येऊ नका.”

“आजच जातो.”

गायिकेनं कानावरचे हेडफोन काढून ठेवले. रेडिओवाल्यांना ती म्हणाली, “टाकी यांनी केली. मी पहिल्या दिवसापासून पाहिलंय.”

कार्यक्रमात तिचं ते वाक्य कापलं गेलं. कानसेननं ते ऐकून रेडिओचा कान असा पिरगाळला की बटण हातातच आलं.

चार महिन्यांनी दुसऱ्या स्टुडिओनं त्याला बोलावलं, गायिकेच्याच सांगण्यावरून. तिथे टाकी नव्हती, म्हणून घुमाऱ्यासाठी त्यानं जिन्यात स्पीकर लावायचं ठरवलं. कामाला हात लावण्याआधी मात्र त्यानं नव्या मालकांकडून लिहून घेतलं: प्रत्येक ध्वनिमुद्रिकेवर त्याचं आणि बायकोचं, दोघांचं नाव. मालक हसले. तो हसला नाही.