उठायला लागणारा वेळ

गेम तपासायच्या आमच्या खोलीत तिला सगळे भिंतवाली म्हणत. नाव मीच पाडलं होतं. गेममधल्या पोराला स्केटबोर्डवर उभं करायचं आणि दिसेल त्या भिंतीवर नेऊन आपटायचं, हे तिचं काम. सरळ, तिरकं, पाठमोरं, एकेका भिंतीवर तीस वेळा. पोरगा भिंतीतून आरपार गेला किंवा जमिनीत रुतून बसला, तर ती चूक लिहून वर पाठवायची. नकाशाचा कागद पुढ्यात ठेवून ती तपासलेली भिंत लाल पेन्सिलीने खोडायची. सहा वर्षांत तिच्या हातून एक भिंत सुटलेली मला आठवत नाही.

लोकांना वाटतं, गेम तपासायचे म्हणजे दिवसभर नुसतं खेळत बसायचं. माझा मेहुणा अजून तसंच समजतो. त्याने एकदा येऊन एकाच जिन्यावरून त्या पोराला चारशे वेळा पाडून दाखवावं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोटं सुजतील आणि पुन्हा माझ्या कामाबद्दल तोंड उघडणार नाही.

भिंतवालीबद्दल मला फार माहिती नव्हती. चौतिशी ओलांडलेली, आधी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती, घरी आई आणि अंथरुणाला खिळलेला धाकटा भाऊ. साडेपाचला पिशवी उचलायची ती मागे वळून बघायची नाही. भाऊ कोण हे तिने कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वशिल्याने आली म्हणून आम्ही तिला सोडलं नसतं, हेही खरं. मी तर नक्कीच नसतं सोडलं.

तो भाऊ आमच्या स्केटबोर्डच्या गेमच्या पहिल्या भागात होता. चेहरा नव्हे, अंग. काळा तंग पोशाख घालून, त्यावर पांढऱ्या गोळ्या चिकटवून त्याला तीन दिवस एका मोठ्या हॉलमध्ये स्केटिंग करायला लावलं होतं. चारी बाजूंनी कॅमेरे. तो पाय मारायचा, उड्या घ्यायचा, पडायचा, आणि त्याची प्रत्येक हालचाल गेममधल्या पोराला दिली जायची. पडल्यावर उठायची त्याची एक लकब होती. डावा तळवा जमिनीवर टेकायचा, उठायचं, आणि तोच तळवा पँटवर दोनदा पुसायचा. कॅमेऱ्यांनी तेही जसंच्या तसं उचललं.

गेम बाजारात आला आणि सहा महिन्यांत तो एका बंद दुकानामागच्या अकरा पायऱ्यांवरून पडला. त्या पायऱ्यांवरून त्याने आधी पन्नास वेळा तरी उडी मारली असेल. त्या दिवशी कमरेखालचं सगळं गेलं.

हात शाबूत राहिले. त्या हातांनी तो उशांना टेकून आपलाच गेम खेळायचा. दुसरा भाग तयार होतोय हे कळल्यापासून त्याने बहिणीच्या डोक्याला भुंगा लावला होता.

"दुसरा भाग खेळायचा कशासाठी, ताई? नवं शहर आहे, नवे कपडे आहेत म्हणून? ती तर नुसती चित्रं झाली. पहिल्यात बोर्डला वजन होतं. आपटलं की आपल्याला लागल्यासारखं वाटायचं. ते तसंच हाताला लागलं पाहिजे, आणि वर काहीतरी नवं मिळालं पाहिजे. नाहीतर पहिला काय वाईट आहे?"

"बरं बाबा."

"आणि पडल्यावर उठायला वेळ लागला पाहिजे. पटकन उठता आलं तर पडायची भीती कसली? भीती नसेल तर उडी मारण्यात काय आहे?" मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "माझं काही ठेवलंय का गं?"

हा प्रश्न रोजचा होता. डॉक्टर काय म्हणाले, हे त्याने विचारणं कधीच सोडलं होतं. पण साडेपाचनंतर दाराची कडी वाजली की हे विचारायचाच. दुसरा भाग पहिल्यांदा आमच्या खोलीत आला, त्या दिवशी तिने सगळ्यात आधी पोराला एका भिंतीवर आपटलं. तो पडला, डावा तळवा टेकला, उठला, तळवा दोनदा पुसला. घरी जाऊन तिने सांगितलं, "आहेस. आहेस तू त्यात." त्यांची आई सांगते, त्या रात्री तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवसापासून त्याने दाढी करायला सुरुवात केली.

आता आमच्या खोलीतली एक घाण सांगतो. एकाने चूक लिहिली की आणखी दोघांनी ती स्वतः खेळून बघायची आणि खाली आपलं नाव घालायचं. तीन नावं झाली की ती दुरुस्त होणार, मग वर कोणी विचारत नाही. अशी वीस नावं दर आठवड्याला घालायची असतात. चुका शोधता शोधता नाकी नऊ येतात, वर दुसऱ्यांच्या चुका कोण खेळून बघणार? म्हणून शुक्रवारी दुपारी चारला आमची देवाणघेवाण चालायची. तू माझ्या यादीवर नाव घाल, मी तुझ्या यादीवर घालतो, दोघेही मोकळे. भिंतवाली आपल्या भिंती डोळ्यांत तेल घालून बघायची, पण शुक्रवारी तीही आमच्यातलीच.

एका शुक्रवारी माझ्या यादीत सतरावी चूक ही होती: "पडल्यावर उठायला एक्केचाळीस फ्रेम लागतात. हात पुसण्याची गरज नाही. खेळणारा वैतागतो. काढून टाकावे." फ्रेम म्हणजे गेममधलं एकेक चित्र. सेकंदाला तीस जातात, म्हणजे एक्केचाळिसांचा हिशोब दीड सेकंदही होत नाही. पण दिवसभर पाडत बसलं की तेवढंही डोक्यात जातं. माझ्या गेलं होतं. खाली माझ्या पलीकडे बसणाऱ्याने नाव घातलं. तिसरं नाव भिंतवालीचं. चार वाजून दहा मिनिटं.

पुढचे काही आठवडे आम्ही सगळे इंटरनेटवर एकत्र खेळायच्या भागाला जुंपलेलो होतो. पडणं, उठणं, भिंती कोणी बघितल्या नाहीत. शेवटची प्रत आली, तिच्यावर शिक्का बसला, म्हणजे आता काही बदलायचं नाही, आणि मग भिंतवाली उगाच, सवयीने, आपल्या पहिल्या भिंतीकडे गेली.

पोरगा आपटला, खाली पडला, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच बोर्डवर उभा. तिने परत पाडलं. परत उभा. ती पाडतच राहिली. मी शेजारून बघत होतो.

"काय गं, काय झालं?"

"उठणं कुठे गेलं?"

"मीच काढायला लावलं!" मी छाती फुगवून म्हणालो. "चांगलं झालं ना?"

तिने जुनी यादी उघडली, खाली खाली गेली आणि थांबली. तीन नावं. ती आपल्या नावाकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं मशीन अडकलं. मग ती साहेबांकडे गेली. काचेच्या दारामागे त्यांचे हात हलताना दिसत होते. ती बाहेर आली तेव्हा साहेबांचं शेवटचं वाक्य सगळ्यांना ऐकू आलं, "अहो, पण तुम्हीच बघून हो म्हटलंय!"

तेव्हा तिने मला भावाचं सगळं सांगितलं, जिन्यात उभं राहून. मला तोंडात मारल्यासारखं झालं. तिने एवढंच विचारलं, "तो खेळेल त्या दिवशी तुम्ही येता का? मला एकटीला नाही जमणार."

मी गेलो. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पलंग, उशाशी औषधांचा डबा, पायाशी टीव्ही, आणि जुनं गेमचं मशीन तापतं म्हणून त्याच्यावर रोखलेला छोटा पंखा. आईने खुर्ची पुसून मला बसायला दिली. भाऊ नवा शर्ट घालून बसला होता. "तुम्ही ताईच्या ऑफिसातले? मग तुम्हीही बनवलाय हा!" असं म्हणून त्याने माझा हात हातात घेतला.

आठवडाभर ती त्याला सांगेन सांगेन म्हणत होती, आणि सांगितलं नव्हतं.

तिने ऑफिसातून आणलेल्या नव्या मशीनवर गेम सुरू झाला. पोराने पहिला पाय मारला आणि भाऊ ओरडला, "आई, बघ! हा पाय माझा! टाच आत वळते बघ!" आई पदराने डोळे पुसत टीव्हीकडे बघू लागली. त्याने नवं शहर बघितलंच नाही. दोन उड्या घेतल्या, बोर्डचं वजन जोखलं, "छान आहे, जड आहे," म्हणाला. मग एका जिन्याच्या कठड्यावर चढला आणि मुद्दाम पडला.

पोरगा लगेच उभा.

तो परत पडला. परत. सहा वेळा पडला. मग कंट्रोलर पांघरुणावर ठेवून डावा तळवा पांघरुणावर दोनदा पुसला. हे त्याच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं.

"ताई, हा पडतो, पण उठत नाही. नुसता उभाच असतो."

"मी काढलं ते," ती म्हणाली. "कागदावर हो म्हटलं. न बघता."

आईला काही कळलं नाही. ती एकदा लेकीकडे, एकदा लेकाकडे बघत राहिली. माझं नाव वर होतं, सगळं मी लिहिलं होतं, आणि मी खुर्चीत बसून होतो. तेव्हा उठून सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही. मला याची लाज वाटते.

भावाने कंट्रोलर बहिणीकडे सरकवला. "गेम चांगला आहे," शेवटी म्हणाला. "लोक घेतील." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "पहिला लाव."

तिने तार बदलली, पंखा जवळ ओढला. जुनं मशीन घरघरत सुरू झालं. हल्ली ते मध्येच बंद पडतं, दुरुस्त करणाऱ्याने हात टेकलेत, हे मी निघताना आई मला दारात सांगणार होती. जुन्या गेममधलं ते फिकट रंगांचं मैदान आलं. भावाने पोराला थेट भिंतीवर नेलं.

पोरगा आपटला आणि पसरला. डावा तळवा जमिनीवर आला, कोपर ताठ झालं, गुडघा वर आला. तो उभा राहिला, तळवा पँटवर एकदा पुसला, दुसऱ्यांदा पुसला.

भिंतवाली माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"उठायला खूप वेळ लागतो का हो?" तिने विचारलं.