एकही वायर न लोंबणारी पेटी

अंडी उबवायच्या पेट्या मी पारनेरात बनवतो. त्यांतली सगळ्यात देखणी पेटी ज्या बाईंना विकली, त्यांचा एका सकाळी फोन आला. "दादा, हीटर बंदच होईना. पळत या."

माझ्या आधीच्या पेट्यांत वायरींचं नुसतं जंगल असायचं, लोक हसायचे. म्हणून हिच्यात पंखा, हीटर, हीटर चालू-बंद करणारा रिले सगळं एकाच बोर्डावर घेतलं, सोल्डरचे पक्के डाग दिले आणि वर दगडासारखं घट्ट होणारं काळं रेझिन ओतलं. धूळ जाऊ नये म्हणून, असं गिऱ्हाइकाला सांगायचो. खरं म्हणजे, कुणी नक्कल करू नये म्हणून!

पोचलो तर बाई भिंतीशी बसून पिन उपसत होत्या, लावत होत्या. आत एकशेवीस अंडी, एकोणिसावा दिवस; दोन दिवसांत पिल्लं बाहेर यायची. पिन लावली की तापमान एकोणचाळीसच्या वर. काढली की पंखाही बंद. वरची रांग तापलेली, खालची गार. "रिले चिकटलाय," मी म्हणालो.

"बदला की तो रिले."

"रेझिनखाली आहे."

"कुनी वतलं?"

मी बोर्डाकडे फार गंभीरपणे पाहू लागलो.

"आमच्या जावंकडं तुमची जुनी पेटी हाय. वायरी लोंबत्यात, पन रिले तिचा तिनं बदलला. ही तुमची नवरी तोंडच उघडंना!"

पिन काढली, बाईंनी पेटीवर गोधडी टाकली. मी पटाशीनं रेझिन फोडायला लागलो. एक ठोका चुकला तर पंख्याचा डाग तुटणार. दर पाच मिनिटांनी थांबायचं, पिन लावून ऊब द्यायची, परत काढायची. बाई थर्मामीटरवर वाकून आकडे ओरडत होत्या.

"छत्तीस... पस्तीस! हात चालवा!"

तेव्हाच ठरवलं, यापुढे नाजूक तेवढं बोर्डावर. जे जळतं, चिकटतं, ते बाहेर, वायरीवर, उपसून बदलता येईल असं.

रिलेची चारही टोकं उघडी पडली. जुना रिले तोडला, चार वायरी बाहेर काढल्या, नवा रिले सॉकेटमध्ये बसवून पेटीच्या अंगाला लटकवला. पिन लावली. पंखा फिरला. साडेसदतीसला टक् आवाज झाला आणि हीटर बंद झाला.

बाईंनी वरच्या रांगेतलं एक अंडं उचलून मोबाईलच्या उजेडावर धरलं. आत काही हलेना. दुसरं धरलं. हललं. त्यांनी पेटी लावून घेतली.

दोन दिवसांनी फोन आला.

"वरची सात गेली," त्या म्हणाल्या. "बाकीची बगा कशी वरडत्यात." आणि त्यांनी मोबाईल पेटीच्या काचेला लावला.