बावीस नंबरचा मासा

मला झोप लागलेली नाही, अशी माझी खात्री आहे. पंख्याची टकटक ऐकू येतेय. स्वयंपाकघरात धाकटी बहीण शेंगदाणे भाजतेय, त्याचा वास येतोय. बार्शीला तिच्या घरी दिवाणावर मी आडवी पडलेय, दुपारचे अडीच वाजलेत, आणि माझ्या छातीवर एक मासा आहे.

मासा पुठ्ठ्याचा आहे. निळा, तळहाताएवढा, सव्वीस वर्षांपूर्वीचा. आमच्या हायस्कूलमध्ये दहावीच्या गॅदरिंगला फिशपाँड असायचे. वाचनालयाबाहेर आठवडाभर एक खोकं ठेवलेलं असे आणि त्यात कुणीही कुणावरही निनावी चिठ्ठी टाकायची. चिठ्ठी डाव्या हातानं लिहायची, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही. मग त्या चिठ्ठ्या पुठ्ठ्याच्या माशांवर डकवून, मासे स्टेजवरच्या टबात टाकून, गळानं एकेक वर काढून माइकवर वाचायचे. ज्याच्यावरची चिठ्ठी, त्यानं मासा घरी न्यायचा. माझ्या माशावर लिहिलंय, 'विशाखा गप्प बसते. पण तिला सगळं दिसतं.'

हे वाचलं गेलं तोवर मी कुणीच नव्हते. हुशारांत नाही, ढ मुलांत नाही. बाकावर मी बसले काय आणि माझं दप्तर ठेवलं काय, वर्गाला फरक पडत नव्हता. त्या दिवसापासून मी 'सगळं दिसणारी' झाले. आधी नुसती बघायला लागले, मग लिहायला लागले, आणि आता वर्तमानपत्रात माझं सदर आहे त्याचं नावही 'सगळं दिसतं' असंच आहे. आज संध्याकाळी आमच्या बॅचचा मेळावा आहे. तिथं मी हा मासा दाखवणार आणि लिहिणाऱ्याचे जाहीर आभार मानणार. लिहिणारा मागच्या बाकावरचा निरंजन बुरगुटे, हे मी केव्हाच ओळखलंय. त्याला मी फोन करून पहिल्या रांगेत बसायला सांगितलंय.

"बावीस," कुणीतरी म्हणतं.

मी उभी राहते. दिवाण नाही, बाक आहे. शेंगदाण्यांचा वास मात्र तसाच आहे. फळ्यापाशी चाकोते बाई उभ्या आहेत, पदर कमरेला खोचलेला, बोटांना खडू.

बाई आम्हाला गणित शिकवायच्या. त्यांनी कधी कुणाला नावानं हाक मारली नाही, हजेरी नंबरानं मारली; माझा बावीस. कोऱ्या कागदावर कधी चाचणी दिली नाही, जुन्या पेपरांच्या मागच्या बाजूवर दिली. बाई चार वर्षांपूर्वी गेल्या. बॅचच्या ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी दोन जोडलेले हात टाकले होते आणि पुढचा विनोद वाचला होता.

"बाई, तुम्ही तर गेलात," मी म्हणते.

"मग? बस की खाली."

मी बसते ती वाचनालयाच्या पायरीवर. बाई शेजारी बसल्यात, मांडीवर ते खोकं आणि उघडा हजेरीपट. त्या खोकं उपडं करतात. चिठ्ठ्यांचा ढीग पडतो.

"मदत कर. घाणेरड्या एकीकडं, बऱ्या एकीकडं."

हे काम दरवर्षी बाईंकडेच असायचं, कारण त्यांना हसू येत नाही असा सगळ्यांचा समज होता. मी चिठ्ठ्या उलगडते, नाव सांगते, बाई त्या नंबरापुढे बरोबरची खूण करतात. निरंजनवर अकरा निघतात. माझं नाव अजून आलेलं नाही. मला मजा वाटतेय. येईल ना, शेवटी येईल.

ढीग संपतो.

"बावीस शोध," बाई म्हणतात.

मी पायऱ्यांखाली बघते. खोक्यात हात घालते, तळाशी, कोपऱ्यांत.

"सापडत नाही, बाई."

"नसणारच. नव्हतीच."

"नव्हती कशी? निरंजननं लिहिली होती."

"त्यानं चार लिहिल्या. चारी नऊ नंबरवर."

नऊ नंबर म्हणजे लांब केसांची सुनेत्रा. हेही मला दिसलं नव्हतं तर.

"त्या वर्षी सात जणांवर एकपण चिठ्ठी नव्हती," बाई म्हणतात. "सगळ्यांचे मासे निघाले आणि आपला नाही निघाला, तर पोर घरी कुठल्या तोंडानं जाणार? मग मी बसले लिहायला. दरवर्षीच बसायचे."

त्या पेन डाव्या हातात घेतात. अक्षरं वाकडी, थरथरती निघतात. वि, शा, खा. बाईंनी माझं नाव लिहिलेलं मी पहिल्यांदा बघते, आणि ते माझ्या माशावरचंच अक्षर आहे. माझ्या बुडाखालची पायरी कुणीतरी काढून घेतलीय. वर्गातल्या पन्नास पोरांपैकी एकाला तरी मी दिसले होते, या एका गोष्टीवर मी आजवर चाललेय. नोकरी सोडली ती याच्यावर, लग्न मोडलं तेव्हा उभी राहिले ती याच्यावर. आणि त्या खोक्यात माझं नावच नव्हतं.

"म्हणजे तुम्ही दया केलीत," मी म्हणते. आवाज चढलाय माझा. "सात जणांत वाटली, तशी मलाही."

आम्ही प्रयोगशाळेत आहोत. मधली सुट्टी आहे, कुठल्या तरी नळाचं पाणी गळतंय, आणि बाई भिंतीकडे तोंड करून डबा खातायत. त्या रोज अशाच बसायच्या.

"तू पण एक टाकली होतीस," त्या भिंतीलाच सांगतात.

"मी? मी नाही टाकली."

म्हणता म्हणताच मला आठवतं. आजवर कसं आठवलं नाही कोण जाणे. मी एकच चिठ्ठी टाकली होती, आणि ती टाकताना छाती धडधडत होती, कारण मला ती फार हुशारीची वाटली होती. 'चाकोते बाई डबा भिंतीकडे तोंड करून खातात, कारण भिंतीला हजेरी नंबर नसतो.'

"पण मी डाव्या हातानं लिहिली होती," मी पुटपुटते.

"उत्तराखाली दोन रेघा मारायची तुझी खोड. डाव्या हातानं पण मारल्यास."

बाई वळतात. त्यांचे गाल आत गेलेत, ओठ मिटून गेलेत, तोंड एखाद्या म्हातारीचं दिसतंय. डब्याच्या झाकणात कवळी ठेवलेली आहे.

"एकतिसाव्या वर्षी बसवली," त्या बोळक्या तोंडानं सांगतात. "नीट बसायची नाही. काढून जेवावं लागायचं."

मी मान खाली घालते. लाज वाटते, अगदी कान तापतात.

"मला माहीत नव्हतं, बाई."

"कुणालाच नव्हतं. पण मी तोंड फिरवून बसते, एवढं तरी कुणाला दिसलं? तुलाच दिसलं. मग जे खरं, ते लिहिलं. दया सहा जणांवर केली."

"रागावला नाहीत?"

"रागावले की. दोन दिवस. पण कागद चांगला जाड होता, फेकवला नाही."

मला विचारायचंय, कुठला कागद. पण पायाखाली स्टेजच्या फळ्या आहेत, समोर आज संध्याकाळच्या खुर्च्या मांडल्यात, पहिल्या रांगेत निरंजन हात बांधून बसलाय. टबात एकच मासा आहे. बाई माझ्या हातात गळ देतात. कवळी बसवलेली आहे, चेहरा नेहमीसारखा कडक.

"सगळं दिसतं म्हणतेस पेपरात," त्या म्हणतात. "मग मी कशी नाही दिसले?"

"ताई, चहा ठेवू का? भाषण झालं का पाठ?"

बहीण दारात उभी आहे. पंखा टकटकतोय, साडेतीन वाजलेत. मी "ठेव" म्हणते आणि उठून बसते, तसा मासा मांडीवर पडतो. नुसताच निळा पुठ्ठा. मधोमध डिंकाचा पिवळा, सुकलेला चौकोन. चिठ्ठी माझ्या बोटांत आहे.

"अगंबाई, निघाली?" बहीण म्हणते. "घामानं सुटली असेल. दे, फेविकॉल लावून देते."

मी देत नाही. माशावर डकवल्यापासून ही चिठ्ठी कुणी मागून बघितलेली नाही. मी ती उलटी करते.

मागच्या बाजूवर निळ्या शाईची एक ओळ आहे, डाव्या हाताची, वाकडी. चाकोते बाई डबा भिंतीकडे तोंड करून खातात. पुढचं डिंकात गेलंय, पण खाली दोन रेघा स्पष्ट आहेत. ओळीवर लाल शाईची एक आडवी काट मारलेली आहे. आणि कोपऱ्यात त्याच लाल शाईत, उजव्या हातानं, गणिताच्या वहीत मी पाच वर्षं बघितलेल्या अक्षरात, आकडा आहे. २२.