लेनीने वाजवलेलं दार

लेनी ग्रॅबोव्स्कीला टीममध्ये पाठीमागे सगळे ‘काळ’ म्हणायचे. ओहायोतल्या त्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये ऑगस्ट संपत आला, की जास्तीच्या खेळाडूंना घरी धाडायचं काम त्याच्याकडे असे. सकाळी हॉटेलात जायचं, दारावर तीनदा टकटक करायचं आणि सांगायचं, “साहेबांनी बोलावलंय. टॅबलेट घेऊन ये.” त्या टॅबलेटमध्ये टीमचे सगळे डावपेच असत. तो परत मागितला, की खेळ खलास. त्या आठवड्यात लेनी कॅन्टीनमध्ये शिरला, की गप्पा बंद पडत. अंडी वाढणारी बाईसुद्धा त्याच्या तोंडाकडे बघत नसे.

हे काम त्याच्या जिव्हारी लागायचं कारण म्हणजे एके काळी त्याचंही दार असंच वाजलं होतं. कॉलेज संपल्यावर ड्राफ्टमध्ये, म्हणजे सगळ्या टीम आळीपाळीने पोरं निवडतात त्या दिवशी, त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. मग त्याने स्वतः फोन करकरून, गयावया करून उन्हाळी सरावात जागा मिळवली. मरेस्तोवर धावला. आणि शेवटच्या दिवशी त्याला काढून एका गाजलेल्या, गुडघा गेलेल्या खेळाडूला ठेवलं. तो बाबा सबंध मोसम बाकावर बसून होता! तेव्हा मालक खिशात हात घालायचा आणि हवा तो माणूस ठेवायचा, विचारणारं कोण? पुढे नियम आला, टीमच्या एकूण पगाराला मर्यादा बसली, आणि मग या न निवडलेल्या, स्वस्तातल्या पोरांना एकदम भाव आला.

“माझ्यानंतर! सगळं मेलं माझ्यानंतर!” लेनी जेवताना टेबलावर मूठ आपटायचा.

“आधी जेव,” त्याची बायको डोरीन म्हणायची. “बटाटे गार होतायत.”

त्यांचा मुलगा वेस बापासारखाच रुंद खांद्यांचा, बापाच्याच जागेवर खेळणारा. ड्राफ्टमध्ये त्याचंही नाव आलं नाही. पण शेवटचं नाव पुकारलं गेलं आणि पाचव्या मिनिटाला घरचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. या टीमचा, त्या टीमचा, सगळ्यांना स्वस्तातलं पोरगं हवंच होतं. डोरीनने शेगडीवर उकळत टाकलेल्या पिएरोगींचा, म्हणजे बटाट्याच्या करंज्यांचा, पार लगदा झाला. वेस धावत बाहेर आला.

“बाबा, तुझ्याच टीमला हो म्हटलंय!”

“बरं,” लेनी म्हणाला, आणि अंधार पडत असताना गवत कापायला गेला. दुसऱ्या कुणाचं पोरगं असतं तर त्याने पाठ थोपटली असती. आपल्याच पोराचं त्याच्या पोटात दुखत होतं, आणि ते त्याला चांगलं कळत होतं.

सराव सुरू व्हायच्या आधी त्याने वेसला बजावलं, “तिथे माझ्या आसपास फिरकायचं नाही. मीही तुझ्या दारात येणार नाही. काही असलं तर फोन करीन.”

त्यामुळे तो लांबून बघायचा. क्लिंट ओडम, टीममधला जुना जाणता खेळाडू, वेसला पाय कुठे रोवायचा ते शिकवायचा, मग दोघं खिदळत पाणी प्यायचे. लेनीला त्या वयात कुणी शिकवलं नव्हतं. ते हसणं त्याच्या डोळ्यांत खुपायचं.

“पोरगं तुझ्यावर गेलंय हं लेनी!” मालिशवाला एकदा म्हणाला.

“माझ्यावर गेलं असतं, तर एव्हाना घरी गेलं असतं.”

सगळे खो खो हसले. लेनी विनोद करत नव्हता.

शेवटच्या दिवशी सकाळी मॅनेजर प्रेस्टनने त्याला बोलावलं. जाणारे बहुतेक सगळे गेले होते. आता एकच नाव उरलं होतं. खरं सांगायचं तर प्रेस्टनने तोंड उघडण्याआधी लेनीला मनातून वाटलं, घे वेसचं नाव. घेऊन टाक एकदाचं.

“ओडम,” प्रेस्टन म्हणाला.

“क्लिंट? अरे, पण त्याने एवढी वर्षं...”

“त्याच्या एकट्याच्या पगारात तीन पोरं बसतात लेनी. मर्यादेला येऊन टेकलोय आपण. तुझा वेस राहतोय. अभिनंदन!”

लेनीने हात मिळवला. मग तो हॉटेलचा जिना चढायला लागला. बाप महाग पडला नव्हता, नकोसा झाला होता. आणि पोरगं स्वस्त आहे म्हणून हवंसं झालं होतं. काय मेलं नशीब एकेकाचं!

ओडमने दार वाजायच्या आधीच उघडलं. “आलास? दोन मिनिटं थांब, बॅग भरतो.” टॅबलेट त्याने स्वतःच लेनीच्या हातात दिला. “वेस राहिला ना? मग जा की, सांग त्याला! सकाळपासून कोंडून बसलाय बिचारा. कधीतरी चांगल्या बातमीसाठी पण दार वाजव.”

ओडमने त्याला खांद्याला धरून वळवलंच. वेसची खोली पलीकडे चार दारं सोडून होती. लेनीला फोन करायचं सुचलं नाही. हात आपसूक वर गेला. टक, टक, टक.

आत काहीच हाललं नाही. मग दार उघडलं. वेस बूट घालून, बॅग खांद्याला लावून उभा होता. ओठ पांढरे पडले होते. त्याने दोन्ही हातांनी टॅबलेट पुढे धरला.

राहिलास रे बाळा, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण लेनीच्या छातीत इतक्या वर्षांचं काहीतरी सैल झालं आणि त्याला बरं वाटलं, अगदी गार गार. आता कळलं ना तुला? त्याने हात पुढे केला आणि टॅबलेट घेतला.

“आईला तू सांगशील?” वेसने विचारलं. “मला नाही जमणार.”

लेनीने तो टॅबलेट ओडमच्या टॅबलेटवर नीट ठेवला.

तेवढ्यात मागून ओडम बॅग ओढत आला. “काय पोरा, राहिलास म्हणे! माझी जागा नीट सांभाळ हं. लाज आणू नकोस.” वेसच्या गालावर हलकीशी चापट मारून तो लिफ्टकडे गेला.

वेसने त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग बापाच्या हातातल्या दोन टॅबलेटकडे.

“तेच सांगायला आलो होतो,” लेनी घाईघाईने म्हणाला.

“हसत होतास तू, बाबा.”

त्याने आपला टॅबलेट बापाच्या हातातून काढून घेतला आणि दार लावून घेतलं.