लालच राहिलेलं करवंद

अख्ख्या शारजात झाडांची विचारपूस करणारा एकच माणूस होता आणि तो रोल्लात आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोब्बर आमच्या डोक्यावर राहायचा, याचा मला अजून अभिमान आहे. हे काका नोकरीला दुबईत रास अल खोरच्या एसीच्या गोदामात, पण जीव सगळा पानांत. सिग्नलला गाडी थांबली की काच खाली! बाहेर आग ओकणारं ऊन, आत काकू तणतणतायत आणि हे दुभाजकावरच्या कडुनिंबाला विचारणार, "काय रे, सुकलास?" मागून हॉर्न वाजले की हात हलवून, "यल्ला यल्ला, झालंच!" झाड ओळखण्यात आपण कधी चुकत नाही, हे ते स्वतःच दिवसातून दोनदा सांगायचे.

एका शुक्रवारच्या सुट्टीत उम्म अल कुवैनला मित्राच्या वर्कशॉपच्या कुंपणाशी त्यांना एक बुटकं काटेरी झाड दिसलं. पांढरी सुवासिक फुलं, देठ मोडला की चीक आणि लाल फळं. "करवंद! अगं, वाळवंटात करवंद!" शारजात जन्मलेल्या त्यांच्या लेकीने करवंद कधी पाहिलंच नव्हतं. "काळं होऊ दे, पहिलं तुला," असा त्यांनी तिला शब्द दिला. मग चार शुक्रवार आम्ही सगळी पोरं गाडीत कोंबून तिकडे. फळ लिंबाएवढं झालं, पण काळं काही होईना.

"बाबा, इट्स स्टिल रेड," लेक म्हणायची.

"इथलं ऊनच तसलं," काका म्हणायचे, पण आवाजातला जोर दर शुक्रवारी कमी व्हायचा.

पाचव्या खेपेला तिथल्या केनियाच्या वॉचमनला राहवेना. एक लाल फळ तोडून खात तो म्हणाला, "ये कभी काला नहीं होगा, साब. ये मेरे गाँव का पेड़ है. माँ इसका जाम बनाती है."

काकूंनी हसू दाबलं. काका फळापेक्षा लाल झाले. आता हे वाद घालणार, अशी आमची खात्री! पण ते लेकीकडे वळून म्हणाले, "बेटा, मी चुकलो. खलास. हे करवंद नाही, करवंदाचा आफ्रिकेतला चुलतभाऊ. आणि झाडं ओळखणारे हे साहेब." गाडीतली आपली घडीची खुर्ची त्यांनी वॉचमनला दिली, झाडाचं त्याच्या गावचं नाव दोनदा विचारून डायरीत लिहिलं आणि पहिलं फळ त्याच्याच हातून लेकीला देववलं. आपल्या काकांचा मला त्या दिवशी वाटला तेवढा अभिमान एरवी कधी वाटला नाही.

नोकरी संपल्यावर काका चिपळूणला गेले. परवा त्यांचा फोन आला. "अंगणात करवंदं काळी झालीत गं. आपलं लाल कसं आहे?"

मी मुद्दाम जाऊन पाहून आले होते. "लालच आहे, काका."

"आणि आपले साहेब?"

"ते गावी गेले. कायमचे."

 काका म्हणाले, "बरं झालं. आईच्या हातचा जाम खात असतील."