खूण सांगा

"खूण सांगा."

दुरुस्तीला दिलेली सायकल न्यायला कुणीही आलं की मामा एवढंच म्हणायचे. उजवा हात सीटवर दाबून ठेवलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि नजर सायकलीवर नव्हे, आलेल्या माणसावर. समोर वीस वर्षांचा शेजारी असला तरी सुटका नव्हती. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा आला. त्यानं चिडून विचारलं, "दाजी, मला वळखत न्हाईसा व्हय?"

मामा म्हणाले, "वळखतोय की. म्हणून तर इचारतोय."

तुम्हीही आपल्या सायकलीची खूण एकदा आठवून बघा. रंग चालत नाही. कुणी "निळी हाय" म्हटलं की मामा म्हणायचे, "आभाळ बी निळंच हाय." मग माणूस डोकं खाजवायचा आणि बऱ्याच वेळानं 'डाव्या पायडलला चरा आहे' किंवा 'घंटीची टोपी हरवली आहे' असं काहीतरी आठवायचा. तेव्हा कुठे तो हात सीटवरून उचलला जायचा.

ह्या सवयीमागे एक गोष्ट होती. मामांच्या वडिलांचं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पंक्चरचं दुकान होतं. त्यांनी एकदा एकाची सायकल चुकून दुसऱ्याच्या हाती दिली. खरा मालक दुसऱ्या दिवशी आला आणि भर रस्त्यात त्यांना चोर म्हणाला. मामा तेव्हा शाळकरी, दुकानाच्या पायरीवर बसलेले. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता. मी ती एकदाच ऐकली, पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

मामा आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मामा हे गल्लीनं दिलेलं नातं. उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढून ते निवृत्त झाले आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी दुकान थाटलं. पोटासाठी पंक्चर, ब्रेक, शाळेच्या पोरांच्या सायकली. जीव मात्र जुन्या डोंगरी सायकलींत. नव्वद सालाच्या आगेमागे परदेशात बनलेल्या, पातळ पोलादी नळ्यांच्या, दोन बोटांनी उचलाव्यात इतक्या हलक्या. गोव्यात फिरायला आलेले परदेशी लोक परत जाताना त्या विकून टाकायचे, आणि हात बदलत बदलत त्या चंदगडच्या नाहीतर बेळगावच्या कुठल्यातरी भंगारवाल्याकडे येऊन पडायच्या. मामा त्या शोधून आणायचे, खिळा न् खिळा सुटा करायचे आणि पुन्हा उभ्या करायचे. नियम एकच. ज्या सालची फ्रेम, त्याच सालचं सामान. नव्वदच्या सायकलीला नवा चकचकीत ब्रेक दिसला की म्हणायचे, "म्हाताऱ्याला दुधाचं दात बसवल्यागत दिसतंय."

आता असं सामान मिळणं कठीण, आणि मिळालं तरी मामांचा त्याच्यावर विश्वास नसायचा. खिशात लोहचुंबक आणि भिंग कायमचं. क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, मागच्या बाजूला दोन बारीक अक्षरं ठोकलेली असतात, त्यांवरून साल आणि महिना कळतो. ती ते डॉक्टरनं घसा बघावा तशी बघायचे. त्यानंतर मामींचा स्वयंपाकघरातला वजनकाटा. वीस ग्रॅम जास्त भरले की माल परत. "काटा खोटं बोलत न्हाय," ते म्हणायचे, "माणूस बोलतोय."

पेठ वडगावचा एकजण पॅकबंद खोक्यातून ब्रेक घेऊन आला होता. "मामा, ओरिजिनल हाय, सील सुदिक मोडलेलं न्हाय." मामांनी खोकं उघडलं, आत बघितलंच नाही, नुसता वास घेतला. "वंगण परवाचं हाय," म्हणाले आणि खोकं बंद करून परत दिलं. तो पावणा चहालाही थांबला नाही. मेहुणीच्या मुलीच्या लग्नात तर मामांनी रुखवतातल्या स्टीलच्या डब्यांना लोहचुंबक लावून पाहिलं होतं. दोन डब्यांना चिकटलं, म्हणजे स्टील हलकं. मामी आठ दिवस बोलल्या नाहीत.

मला हे सगळं आवडायचं, कारण मी त्याच वळणाचा. शाळेत विज्ञान शिकवलं हे खरं, पण हयात गेली ती परीक्षेच्या हॉलमध्ये कॉप्या पकडण्यात. कुठल्या पोराच्या बाहीत काय आहे हे मला त्याच्या मानेवरून कळायचं. असा माणूस निवृत्त झाला तरी त्याची नजर निवृत्त होत नाही. पाठीला पाठ लावून दोन गल्ल्यांत दोन संशयी म्हातारे, एवढंच म्हणा.

माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, अशीच एक डोंगरी सायकल होती. तो चंदगडला पाटबंधारे खात्यात होता. लग्न केलं नाही. सुट्टीच्या दिवशी त्या धो धो पावसाच्या मुलखात सायकल घेऊन कुठल्याही घाटात जायचा. आठ वर्षांपूर्वी तो झोपेतच गेला. त्याचं म्हणून माझ्याकडे आलं ते एक घड्याळ आणि ही सायकल. सायकल आमच्या गॅलरीत गंजत पडली होती. माझी मुलगी नोकरीला लागली आणि म्हणाली, "बाबा, मी काकाची सायकल चालवणार. आधी पन्हाळा, मग चंदगड." म्हणून मी ती आधी मामांना दाखवायला नेली.

मामांनी सायकलीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही तुमचीच कशावरनं, सर?"

मी चकित झालो. रोज सकाळी एकाच कट्ट्यावर म्हशीचं दूध घेणारी माणसं आम्ही. घरी जाऊन दादाचा सायकलीबरोबरचा फोटो आणला. मामांनी तो भिंगाखाली धरला आणि सायकलीपेक्षा जास्त वेळ फोटोच बघितला.

"हँडल डाव्या अंगाला जरा वाकलंय. पडल्यात कधीतरी."

"दादा कधी पडला नाही," मी जरा ताडकन म्हणालो. "आणि मामा, बाकी काय बदलायचं ते बदला, पण हँडल तेच राहू द्या. दादाचा हात होता त्यावर. काही झालं तरी ते बदलू नका."

"बघू," मामा म्हणाले.

ते 'बघू' मला खटकलं. जुन्या सामानासाठी हा माणूस सहा-सहा वर्षं थांबतो हे मला माहीत होतं. दुकानाच्या भिंतीवर त्यांची स्वतःची एक सायकल टांगलेली होती. ती ते चालवत नसत, फक्त पुसत. तिचं हँडल पुण्याहून कुणाकडून तरी मिळवलेलं, त्याच सालचं पण डब्यातून न काढलेलं, कोरं. मला ते दाखवताना म्हणाले होते, "बघायचं. हात लावायचा न्हाय." अशा माणसाच्या हाती दादाची सायकल द्यायची म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगायची.

म्हणून त्या दिवशी मी सायकल घरी परत आणली, आणि सोपवायच्या आदल्या संध्याकाळी मुलीची लाल नेलपॉलिशची बाटली घेतली आणि सायकलीवर सात ठिपके दिले. दोन ब्रेक, क्रँक, मागचा गिअर, सीटचा दांडा, पुढच्या चाकाच्या मधला हब आणि हँडल. सगळे आतल्या बाजूनं, सहज न दिसतील असे. मुलगी हसत म्हणाली, "बाबा, आता मामांना पण वर्गाबाहेर उभं करणार का?"

दोन महिन्यांनी निरोप आला. गेलो तर सायकल दुकानाच्या दारात उभी होती आणि मला दादा पंचविशीचा होऊन आल्यासारखं वाटलं. मामांचा हात सीटवर.

"खूण सांगा."

"खालच्या नळीवर पोचा आहे. बोराएवढा."

"आणि?"

"आणि काय?"

"न्हाय, आणखी काय खूण असली तर."

मी म्हटलं, एवढीच. मामांनी चष्मा वर सरकवला. मग हात उचलला. निघताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं. त्यांची सायकल मामींच्या जुन्या साडीनं झाकलेली होती.

"झाकली का हो?"

"धूळ बसतीया."

"इतकी वर्षं बसत नव्हती?"

"आता बसतीया," मामा म्हणाले आणि आत गेले.

घरी येऊन मी टॉर्च घेतला. ब्रेकवर ठिपका होता. क्रँकवर होता. गिअर, दांडा, हब, सगळीकडे होता. सामान आरशासारखं घासलेलं, पण ठिपक्यांना धक्का नाही. त्यांच्याभोवतीनं हात फिरवलेला. हँडलवर मात्र ठिपका नव्हता. दादाच्या रबरी मुठी त्याच होत्या. पण मुठींच्या आतली हँडलची नळी दुसरी होती.

माझ्या डोक्यात सगळा पेपर सुटला. मामांना ठिपके दिसले. सहा वस्तू नको होत्या, त्या परत दिल्या. सातवी त्या सालची अस्सल, ती हवी होती, म्हणून बदल्यात कसलंतरी दुसरं मारून ती ठेवली, आणि ती आता त्या साडीखाली असणार. हुशार पोरगंसुद्धा एक चूक करतंच, हे मी पस्तीस वर्षं बघत आलो होतो.

मी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी रंकाळ्यावर फिरायला जातो तिथल्या कट्ट्यावर चारचौघांत बसून एवढंच म्हणालो, "मामांचा हात चांगला आहे. फक्त सामान मोजून घ्या." चोर हा शब्द मी तोंडातून काढला नाही. काढायची गरजच नव्हती. कोल्हापुरात अर्धं वाक्य पुरतं, उरलेलं लोक घरी जाऊन पूर्ण करतात. महिन्याभरात दोन तरुणांनी आपल्या अर्धवट झालेल्या सायकली मामांकडून परत नेल्या. नेताना सुटं सामान दारातच मांडून तपासलं म्हणे. मामा म्हणाले, "खूण सांगा." त्यांतला एक म्हणाला, "खूण आम्ही केलीया, म्हणून तर बघतोय."

हे मला कट्ट्यावर कुणीतरी हसत सांगितलं. मीही हसलो.

पुढं मामांकडे डोंगरी सायकली यायच्या बंद झाल्या. पंक्चरवाले तेवढे येत राहिले. दुधाच्या कट्ट्यावर भेट व्हायची. मी नजर चुकवायचो, ते चुकवत नसत. "सर, सायकल पळतीया न्हवं?"

"पळते."

"हँडल घट्ट हाय न्हवं? उताराला हालत न्हाय?"

वर्षभरात त्यांनी हे चार-पाच वेळा तरी विचारलं असेल, आणि विचारायचे ते हँडलचंच. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हणायचो. मुलगी तोवर पन्हाळ्याला किती वेळा जाऊन आली त्याची गणती नाही. चंदगडलाही गेली. दादाच्या घाटातून खाली उतरतानाचा फोटो तिनं मला पाठवला.

यंदा दिवाळीनंतर मामा गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मी स्मशानात जाऊन आलो, मागच्या रांगेत उभा राहिलो. महिन्यानं मामींचा निरोप आला. "सरांना म्हणावं, त्यांची एक वस्तू हाय."

गेलो तेव्हा दुकान झाडून ठेवलेलं होतं. भिंतीवर मामांची सायकल होती आणि तिच्यावर साडी नव्हती. तिला हँडलच नव्हतं. पुढचा दांडा नुसता बोडका वर आलेला.

मामींनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांब वस्तू आणली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला.

"वाईट वाटून घिऊ नका सर. त्यांनी सांगूनच ठेवलंय, खूण सांगितल्याबिगार द्यायचं न्हाय."

एका विधवा बाईसमोर, तिच्या नवऱ्याच्या दुकानात उभं राहून मला ते बोलावं लागलं. "हँडल आहे. खालच्या बाजूला, डाव्या ब्रेकजवळ... लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. मी दिलेला."

मामींनी कागद सोडला, चष्मा लावून खाली बघितलं आणि हँडल माझ्या हातात दिलं. मधोमध, जिथं ते दांड्यात आवळलेलं असतं तिथं, केसासारखा तडा होता. तो निम्म्या नळीला फिरला होता. तारेनं एक पुठ्ठ्याचा तुकडा अडकवला होता, त्यावर मामांच्या अक्षरात लिहिलं होतं: '१४८ ग्रॅम. आतनं तडा. पोरगी बसणार हाय.'

"मी म्हटलं, सांगा की सरांना," मामी म्हणाल्या. "तर म्हणाले, भावाचा हात हाय त्याच्यावर. सांगितलं तर ते बदलू देणार न्हाईत. मग आपलंच काढून बसवलं. मला म्हणाले, साडी दे एखादी, झाकून टाकतो, सरांची नजर लई बारीक हाय."

खुर्चीवर बसून मी लहान पोरासारखा रडलो. त्यांना फसवायचंच असतं तर मुलीच्या बाटलीसारखी एक बाटली आणून नव्या हँडलवर ठिपका देता आला असता. मग मला जन्मात कळलं नसतं. पण मामांनी आयुष्यात कधी खोटी खूण केली नाही, माझ्यासाठी तरी कशी करतील? आणि 'आणखी काय खूण असली तर' असं विचारून त्यांनी मला बोलायची जागा दिली होती. मी ती घेतली नाही. त्यांच्या वडिलांना एका माणसानं निदान तोंडावर चोर म्हटलं होतं.

"मामी, ते हँडल मी काढून आणतो," मी म्हणालो. "मुलीच्या सायकलीला दुसरं बघू. हे त्यांच्या सायकलीला परत बसवू."

मामींनी भिंतीकडे बघितलं. "नको सर. पोरगीला चालवू दे. हिला ऱ्हाऊ दे अशीच. उद्या कुणी माझी म्हणून न्यायला आलं, तर मी बी इचारीन की, खूण सांगा."

ती खूण मला ठाऊक आहे. ती कशी झाली हे रंकाळ्याच्या कट्ट्यावर, त्याच माणसांत बसून सांगायला हवं. रोज ठरवून जातो आणि दोन फेऱ्या मारून परत येतो. म्हणून आधी तुम्हाला सांगितलं.