सतरा नंबरचा सेट

माझी मावशी ट्रकच्या एका कंपनीत वायरलेस दुरुस्त करायची. आईची ही थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कुणी विचारलं की म्हणायची, "पाहुणे आले तेव्हा हात अडकले होते." आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायची आणि त्या खोलीत कपड्यांपेक्षा वायरी जास्त होत्या.

कंपनीचे ट्रक डोंगरातल्या खाणीतून दगड भरून खाली बंदरावर नेत. घाटात फोन लागत नसे, म्हणून प्रत्येक ट्रकमध्ये स्टिअरिंगशेजारी एक वायरलेस सेट बसवलेला असायचा. विटेसारखा जड लोखंडी डबा, गुंडाळ्या झालेल्या वायरीला लटकणारा माइक, आणि वर टपावर छडीसारखी एरियल. सेट बिघडला की ड्रायव्हर तो काढून मावशीच्या टेबलावर आणून आपटायचे आणि म्हणायचे, "ताई, बघा हो, मुका झालाय." किंवा, "बहिरा झालाय." तक्रारी या दोनच. पण मुका की बहिरा एवढं कळलं तरी अर्धं काम झालं, असं मावशी म्हणे, कारण डब्यात खरं तर दोन यंत्रं असतात, एक ऐकणारं आणि एक बोलणारं. दोघांत एरियल मात्र एकच.

मला तिने हे शाळेत असतानाच शिकवलं होतं. उघडा डबा पुढ्यात घ्यायची आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाखवायची.

"माइकचं बटण दाबलं की हा रिले टक् करतो. एरियल ऐकणाऱ्याकडून काढून बोलणाऱ्याला देतो. म्हणजे बोलताना कान बंद. सोडलं की परत कान उघडे. एकाच वेळी दोन्ही नाही. माणसांनाही असा रिले बसवायला हवा होता, विशेषतः तुझ्या आईला."

ऐकायच्या बाजूचं काम नाजूक. एरियलवर येते ती लहर केसाहून बारीक. ती आधी थोडी मोठी करायची, मग सेटमध्येच तयार केलेल्या दुसऱ्या एका लहरीत मिसळून खालच्या पट्टीत उतरवायची, अरुंद चाळणीतून गाळायची, म्हणजे शेजारच्या चॅनेलवरची बडबड गळून पडते. उरलं त्यातून आवाज वेगळा काढायचा आणि स्पीकरला द्यायचा. बोलायच्या बाजूला एक स्फटिकाची चकती ठरल्या ठेक्यावर थरथरत असते. आपला आवाज तिला जरासा ढकलतो, आणि ती थरथर पायरीपायरीने वाढवत शेवटच्या एका जाड ट्रान्झिस्टरपर्यंत न्यायची. तो ती जोर लावून एरियलमधून बाहेर फेकतो.

"हा घरातला कमावता माणूस," मावशी त्या शेवटच्या ट्रान्झिस्टरवर बोट ठेवून म्हणायची. "सगळा भार याच्यावर, आणि पहिला जळतो तोही हाच. याने फेकलेली ताकद बाहेर गेली पाहिजे. एरियल मोडली, वाकून पत्र्याला टेकली, तर ती ताकद उलटी फिरते आणि यालाच भाजते."

आणखी एक गोष्ट होती, खरखरीची. चॅनेलवर कुणी बोलत नसलं की स्पीकरमधून नुसती खरखर येते. दिवसभर ती ऐकली तर डोकं फिरेल, म्हणून एक छोटं सर्किट पहाऱ्याला बसवलेलं असतं. खरखर आहे तोवर ते स्पीकर बंद ठेवतं, नीट लहर आली की उघडतं. केवढी लहर आल्यावर उघडायचं ते एका खुंटीने ठरवायचं. खुंटी घट्ट केली की एकदम शांतता. पण मग लांबून आलेला, अशक्त आवाजही दाराबाहेरच राहतो.

कंपनीच्या ऑफिसात, जिन्याखालच्या खोलीत, कंट्रोलचा मोठा सेट होता आणि त्यावर वहिनी बसायच्या. त्या सतरा नंबरच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरची बायको, म्हणून सगळ्यांच्याच वहिनी. कान असा की कुणी नंबर सांगायच्या आधी, नुसत्या श्वासावरून ओळखायच्या. "अकरा, सर्दी झालीय तुम्हाला, गरम पाणी प्या. आता बोला." नवऱ्यालाही त्या चॅनेलवर नंबरानेच हाक मारायच्या आणि घरचं सगळं तिथेच उरकायच्या. "सतरा, येताना बल्ब आणा. साठचा नको, चाळीसचा." यावर बाकीचे ड्रायव्हर आपलीही यादी जोडायचे.

सतरा नंबरला गाण्याची खोड होती. माइक मांडीखाली दाबला जायचा आणि त्याला पत्ताच नसायचा. मग घाटभर त्याचं गाणं, दुसऱ्या कुणाला बोलता येईना, आणि वहिनी इकडून कितीही ओरडल्या तरी त्याला ऐकू जाणार कसं? बटण दाबलेलं, कान बंद. शेवटी एखादा ट्रक मागून गाठून हॉर्न वाजवायचा. मावशी सांगायची, "सूर वाईट होता, पण सेट उत्तम चालू आहे एवढं कळायचं."

त्या दिवशी धुकं होतं. सतरा नंबर सकाळी खाणीतून निघाला. घाटमाथ्यावर पोचल्यावर कंट्रोलला सांगायची पद्धत होती, ते त्याने सांगितलं नाही. थोडा वेळ कुणाला काही वाटलं नाही, कारण तो हे पुष्कळदा विसरायचा. मग वहिनींनी हाक मारली. उत्तर नाही. बारा वाजून गेले तरी उत्तर नाही. घाटात दोन फाटे होते. एक खराब पण जवळचा, एक लांबचा. त्याने कुठला घेतला हे कुणालाच माहीत नव्हतं. कंपनीने माणसं लांबच्या फाट्यावर पाठवली, कारण जवळचा बंद ठेवायचा हुकूम होता. वहिनी जागेवरून उठल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत त्या हाक मारत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी धुकं विरल्यावर तो जवळच्या फाट्याखाली सापडला. ट्रक दरीत घसरून झाडांना अडकला होता. त्याचे पाय दबलेले होते. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की आदल्या संध्याकाळपर्यंत जीव असावा.

सेटला साधा पोचाही आलेला नव्हता. कंपनीच्या साहेबांनी तो मावशीकडे पाठवला आणि काय झालं ते बघायला सांगितलं. तिने त्याला वीज जोडली. दिवा लागला. ऐकायची बाजू खणखणीत. कंट्रोलवर तेव्हा बसलेल्या दुसऱ्या बाईंचा आवाज स्वच्छ आला. मग तिने बटण दाबलं. रिले टक् झाला, पण बाहेर पडणारी ताकद मोजणाऱ्या मीटरचा काटा जेमतेम हलला. तिने डबा उघडला. शेवटचा ट्रान्झिस्टर काळा पडला होता आणि भोवतालची सर्किटची पाटी करपून तपकिरी झाली होती. एका झटक्यात जळला असता तर इतकी करपली नसती. सेटबरोबर काढून आणलेली एरियल मुडपलेली होती, तिच्यावर टपाच्या पत्र्याचा रंग लागला होता, म्हणजे ती टपाला टेकून होती. माइकची गुंडाळ्यांची वायर ताणून ताणून सरळ झाली होती.

तिला कळायचं ते कळलं. सेट पडेपर्यंत धडधाकट होता. पडल्यावर तो माणूस हाका ऐकत होता आणि दर हाकेला बटण दाबून उत्तर देत होता. सुरुवातीच्या काही उत्तरांतच तो ट्रान्झिस्टर भाजून गेला असणार. त्याच्या आधीची पायरी मात्र जिवंत होती. तिच्यातून थोडीशी लहर झिरपून बाहेर पडत असणार. खात्री करायला मावशी दुसरा सेट घेऊन आवाराच्या पार टोकाला गेली, खुंटी सैल केली आणि वर्कशॉपमधल्या फिटरला बटण दाबायला लावलं. शब्द आले नाहीत. फक्त खरखर फर्र करून तुटली आणि पुन्हा सुरू झाली.

साहेबांना काय सांगायचं हे तिने अजून ठरवलं नव्हतं, तेवढ्यात वहिनी वर्कशॉपमध्ये आल्या. घरी गर्दी होती, सगळ्यांना चुकवून आल्या होत्या.

"ताई, एक विचारायचंय. खरं सांगा."

"बसा आधी."

"त्या दुपारी मी हाक मारली ना, की लगेच फर्र व्हायचं. परत हाक, परत फर्र. मला वाटलं, धुक्याने होत असेल. बाकीच्या गाड्यांचं नीट कळेना, डोकं उठलं. मग मी खुंटी घट्ट केली." त्यांनी टेबलावरच्या सेटकडे पाहिलं. "ते हे तर नव्हते ना?"

"नाही हो वहिनी," मावशी म्हणाली. "तो सेट सकाळीच मेला होता. गाडी निघाली तेव्हाच. त्यांना काही ऐकू गेलं नसणार, आणि इकडे काही येणंही शक्य नाही."

साहेब मागे दारात उभे होते. "सकाळीच?" ते म्हणाले. "म्हणजे बंद सेट घेऊन गाडी बाहेर पडली?"

सेट दरीत कोसळताना बंद पडला, एवढंच मावशी म्हणाली असती तरी दोघी सुटल्या असत्या. पण त्या क्षणी तिला एकच सुचलं होतं, की बिघाड त्या दुपारपासून जितका लांब नेता येईल तितका न्यावा. साधं उत्तर तिला नंतर सुचलं. त्यानंतर आयुष्यभर रोज सुचत राहिलं. आता शब्द फिरवायचा तर का फिरवला तेही सांगावं लागणार, आणि वहिनी समोर बसल्या होत्या.

"हो," ती म्हणाली. "सकाळीच."

वहिनींचा चेहरा आधी सैल पडला. तेवढं पाहूनच मावशीला वाटलं, बरं केलं. मग त्या उठल्या.

"आदल्या दिवशी सेट तुम्हीच तपासून दिला होता ना?"

"हो."

"बंद सेट दिलात तुम्ही त्यांना?"

वहिनींनी टेबलावरचा माइक उचलून तिच्या अंगावर फेकला. तो कपाळाला लागला.

चौकशी झाली, पण नावापुरती. कंपनीला कुणीतरी हवंच होतं, ते आयतं मिळालं. खराब फाट्याकडे गाड्या कशा जातात, हुकूम असून तिथे अडसर का नव्हता, हे कुणी विचारलं नाही. साहेबांनी वर्कशॉपमधल्या सगळ्यांसमोर तिला जायला सांगितलं. ज्यांचे सेट दुरुस्त करण्यात तिने आपले डोळे घालवले होते ते ड्रायव्हर एका बाजूला होऊन तिला वाट देत होते. जळका ट्रान्झिस्टर तिने आधीच काढून टाकला होता, म्हणजे तो कसा जळला हे कुणाला ओळखता येऊ नये.

घरी आई तिच्यावर भडकली. "तू बंद सेट देशील? तू? सांग ना खरं काय ते!" मावशी म्हणाली, "चूक झाली." आईने तिच्याशी बोलणं सोडलं, मग धरलं, पण पूर्वीसारखं नाही. दुसऱ्या कुठल्या कंपनीने मावशीला घेतलं नाही. ही बातमी तिच्या आधी सगळीकडे पोचायची. ती घरी इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करू लागली. शेजारपाजारचे आणून द्यायचे, आणि नेताना दोनदा लावून बघायचे. पूर्वी जेवताना तिची टिंगल चालायची, तीही हळूहळू बंद झाली. वहिनी रस्त्यात समोरून आल्या तर पलीकडच्या कडेला जायच्या. एकदा दुकानात त्या मोठ्याने म्हणाल्या, "हिच्यामुळे माझी मुलं पोरकी झाली," आणि मावशी हातातलं सामान तिथेच ठेवून बाहेर आली.

मला यातलं खरं काहीच माहीत नव्हतं. कळलं ते फार उशिरा, मावशीचे केस पांढरे झाल्यावर. ती डोळे तपासायला सरकारी दवाखान्यात गेली होती. घरी आली ती तोंड धुवायलाही न जाता खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "दार लाव." मग तिने सगळं सांगितलं, वर लिहिलंय ते, आणि त्या दिवशीचंही.

दवाखान्यात बाकावर ती बसली होती. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. त्या वहिनी होत्या.

"अहो, फळ्यावरचे आकडे मला दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "माझा नंबर लागला की सांगाल का?" आणि चिठ्ठी पुढे केली.

मावशीने तोंड उघडलं आणि मिटलं. श्वासावरून माणूस ओळखणारी बाई ती, एका शब्दात ओळखलं असतं. तिने नुसतं त्यांच्या हातावर थोपटलं.

"बोलता येत नाही का तुम्हाला? असू दे, असू दे." वहिनी जरा सरकून बसल्या. रांग लांब होती. मुक्या माणसापाशी माणूस बोलतो. त्या मुलांबद्दल बोलल्या, सुनेबद्दल बोलल्या, मग नवऱ्याबद्दल.

"एक बाई होती, तिच्या मशीनमुळे गेले म्हणतात. मीही म्हणत आले. नको नको ते बोलले तिला. कुणाला तरी बोलायला लागतंच ना." त्यांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. "पण ते तेच होते हो. मी हाक मारली की फर्र व्हायचं. बरोब्बर हाकेनंतर. धुकं कधी असं उत्तर देतं का? मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी कान बंद केले."

फळ्यावर त्यांचा नंबर आला. मावशीने हात धरून त्यांना दारापर्यंत नेलं आणि परत येऊन जागेवर बसली.

"तू बोलली का नाहीस?" मी चिडून विचारलं. "त्यांना माहीतच होतं, मग आता लपवायचं कुणापासून?"

"काय बोलू?" मावशी म्हणाली. "आत्ता हे तिला फक्त वाटतं. रात्री वाटतं, सकाळी म्हणते, छे, सेटच बंद होता. मी तोंड उघडलं की ती सकाळही गेली."

"आणि तुझं काय?"

ती हसली नाही. "माझं काय व्हायचं राहिलंय?"

पुढच्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नजर चांगली आली, पण बारीक काम तिने पुन्हा हातात घेतलं नाही. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तिने दवाखाना बदलला. तो लांब होता आणि तिथे जायला दोन बस बदलाव्या लागायच्या. मी तिला घेऊन जायचो.